वाळवंटी शहरातला हिमवर्षाव आणि आपल्याकडच्या गारा



हिवाळा आला की आपल्या घरोघरी मोबाईलवर एक ठरलेले छायाचित्र फिरू लागते. कुणाचा काका आखातात नोकरीला असतो, कुणाची आत्या अमेरिकेत असते. त्यांच्याकडून किंवा निदान त्यांच्या नावाने ते येते. वाळूच्या टेकड्या, दोन-चार उंट आणि सगळ्यावर पांढरी चादर. खाली लिहिलेले असते, 'शंभर वर्षांत प्रथमच वाळवंटात बर्फ!' मग वर्गात प्रश्न येतो, हे खरे का? आणि खरे असेल तर लगेच दुसरा प्रश्न येतो, की वाळवंटात पडतो तर आपल्या हुबळी-धारवाडात का पडत नाही? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे. या अंकात दोन्हींची उत्तरे देत आहोत, आणि त्या ओघात विश्वस्त मंडळापुढे एक सूचनाही मांडत आहोत.

आधी खऱ्याखोट्याचे पाहू. डिसेंबर २०१३ मध्ये इजिप्तची राजधानी कैरो येथे काही भागांत पांढरे कण पडले आणि ती बातमी जगभर गेली. त्याबरोबर स्फिंक्सच्या पुतळ्यावर बर्फ साचल्याचे एक सुंदर छायाचित्रही गेले. ते छायाचित्र खरे होते, फक्त इजिप्तमधले नव्हते. जपानात 'तोबू वर्ल्ड स्क्वेअर' नावाचे एक उद्यान आहे, तेथे जगातल्या प्रसिद्ध वास्तूंच्या छोट्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. बर्फ पडला होता तो तेथल्या छोट्या स्फिंक्सवर. उलट ११ जानेवारी २००८ रोजी इराकच्या बगदाद शहरात खरोखरच हिम पडले. ज्यांचे आयुष्य त्या शहरात गेले अशा वृद्धांनीही ते तेथे कधी पाहिले नव्हते. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पुन्हा पडले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियाच्या उत्तरेकडील अल-जौफ भागातून जी पांढऱ्या वाळवंटाची दृश्ये आली, ती बव्हंशी गारपिटीची होती. बातम्या देणाऱ्यांनी तिला सरसकट 'बर्फवृष्टी' म्हटले. हा शेवटचा घोटाळा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तो का, ते पुढे येईलच.

वाळवंटी शहरात हिम पडल्याची सर्वांत नीट नोंदलेली उदाहरणे अमेरिकेतल्या लास व्हेगास शहरात सापडतात. हे शहर मोहावी नावाच्या वाळवंटात वसलेले आहे. वर्षभरात तेथे पाऊस पडतो तो जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटर. आपल्याकडे जुलैचे दोन आठवडे बरे गेले तर तेवढा होऊन जातो. अशा शहरात १७ डिसेंबर २००८ रोजी विमानतळावरच्या अधिकृत केंद्रात ३.६ इंच, म्हणजे सुमारे ९ सेंटीमीटर हिम मोजले गेले. अधिकृत नोंदी १९३७ पासूनच्या; तेव्हापासून डिसेंबर महिन्यात एवढे हिम तेथे पडले नव्हते. काही उपनगरांत तर याच्या दुप्पट साचले. विमाने रद्द झाली, कॅलिफोर्नियाकडे जाणारा महामार्ग बंद पडला, आणि दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी मिळाली. हिमामुळे शाळा बंद राहण्याची तेथली ही १९७९ नंतरची पहिलीच वेळ होती. (हे वाक्य वाचून आमच्या काही वाचकांना लास व्हेगासबद्दल एकदम आपुलकी वाटू लागेल, याची आम्हांला कल्पना आहे.)

तरीही २००८ चा आकडा तेथला सर्वांत मोठा नव्हे. ३१ जानेवारी १९७९ या एका दिवसात तेथे ७.४ इंच हिम पडले होते, आणि जानेवारी १९४९ या एका महिन्यात मिळून १६.७ इंच, म्हणजे ४२ सेंटीमीटर. लहानग्यांच्या गुडघ्याच्या वर जाईल एवढे!

आता नकाशा उघडा. लास व्हेगासची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६२० मीटर, म्हणजे साधारण आपल्या हुबळीएवढीच. धारवाड तर त्याहून उंच आहे. तेव्हा 'ते शहर उंचावर आहे म्हणून' हे उत्तर बाद झाले. दुसरी गंमत अशी की ते शहर कोरडे का, याचे कारणही आपल्याला घरचे आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ओले वारे सिएरा नेवाडा या उंच पर्वतरांगेवर चढतात, पश्चिम उतारावर आपले पाणी टाकून देतात आणि पलीकडे उतरतात ते कोरडे होऊन. आपल्याकडे हेच काम सह्याद्री करतो. दांडेली, खानापूरकडे धो धो पाऊस, धारवाडला बेताचा, नवलगुंद-अण्णिगेरीला आणखी कमी, आणि विजापूर-सोलापूरला आभाळाकडे डोळे लावून बसायचे. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. कन्नडमध्ये मलनाड आणि बयलुसीमे असे दोन शब्द आहेत. त्या दोहोंच्या सीमेवर आपले धारवाड बसले आहे.

उंची सारखी, पर्वताची सावली सारखी. मग फरक कोठे आहे? तो अक्षांशात आहे. आपण १५ अंश उत्तरेला, लास व्हेगास ३६ अंशांवर, म्हणजे श्रीनगरच्याही उत्तरेला. हिवाळ्यात तेथे कधीमधी अलास्काकडची अतिथंड हवा थेट खाली घसरते, आणि त्याच वेळी समुद्रावरची ओल पर्वत ओलांडून आली तर हिम पडते. नुसती थंडी असून भागत नाही, नुसती ओल असूनही भागत नाही. दोघींची गाठ एका वेळी पडावी लागते. वाळवंटात थंडीची उणीव नसते, रात्री तेथे कडाका असतो. उणीव असते ती ओलीची. म्हणून तेथे हिम क्वचित पडते.

आपल्याकडे काय कमी पडते, हे एका सोप्या गणिताने कळेल. जमिनीपासून वर जाऊ लागलो की दर एक किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. डिसेंबरच्या दुपारी हुबळीत ३० अंश असतील तर ३० ला साडेसहाने भागा. उत्तर साडेचारच्या थोडे वर येते. म्हणजे शून्य अंशाची हवा आपल्या डोक्यावर साडेचार किलोमीटरवर असते. पहाटे जमिनीजवळ गारठा पडतो, परंतु तो जमिनीला चिकटलेल्या पातळ थरापुरताच. वरच्या हवेला त्याची खबरही नसते. हिमाचे तलम स्फटिक शून्याच्या पातळीखाली आले की दोन-चारशे मीटरांतच विरघळू लागतात. कर्नाटकातले सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी दोन हजार मीटरांच्याही आत आहे, महाराष्ट्राचे कळसूबाई १६४६ मीटर. त्या पातळीला हात लावील असा डोंगर दख्खनमध्ये नाहीच. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. वळवाच्या उंच ढगातून आपल्या छत्रीवर जे थेंब पडतात, त्यांतले पुष्कळसे वर असताना बर्फच होते. म्हणजे बर्फ आपल्याकडेही पडतो, फक्त पोचतो तेव्हा पाणी झालेला असतो.

येथे कुणी चटकन विचारील, मग महाबळेश्वरचे काय? दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वेण्णा तलावाकाठचा फोटो येतो. मोटारीच्या टपावर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर, आणि वर मथळा असतो, 'महाबळेश्वरात बर्फ'. ते हिम नव्हे, ते गोठलेले दव असते. ते आभाळातून पडत नाही, जागच्या जागी तयार होते. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, जड थंड हवा उतारावरून घरंगळत तलावाच्या खोलगट भागात साचते, आणि गवताच्या पात्याचे तापमान शून्याखाली जाते. त्याच वेळी अधिकृत तापमापक पाच-सहा अंश दाखवीत असतो. तो खोटे बोलत नाही. तो जमिनीपासून चार फुटांवर, झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत टांगलेला असतो आणि तेथल्या हवेचे तापमान सांगतो, गवताचे नव्हे.

आता गारांकडे येऊ. आपल्या मुलुखात जमीन पांढरी होते ती गारांनीच. भाषाच पाहा ना. 'बर्फ' हा शब्द आपण फारसीकडून घेतला. 'गारा' मात्र आपल्याच, आणि 'गारपीट' या शब्दात तर पिटून काढण्याचा आवाजच ऐकू येतो. शेजारच्या कन्नडमध्ये 'आलिकल्लु' म्हणतात, त्यातला 'कल्लु' म्हणजे दगड. जे वारंवार अंगावर येते त्याला माणसे घरचे नाव देतात.

हिम आणि गारा दोन्ही बर्फच, पण त्यांच्या जन्माची रीत अगदी उलटी आहे. हिम थंड, शांत हवेत हळूहळू वाढते आणि कापसासारखे तरंगत खाली येते. गारेला मात्र उन्हाळा लागतो. फेब्रुवारी ते मे या काळात जमीन तापते, बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून ओली हवा येते, आणि उत्तरेकडून आलेला थंड वारा वरच्या थरात सरकतो. खाली गरम आणि ओले, वर थंड आणि कोरडे, अशी स्थिती झाली की ढग दहा-बारा किलोमीटर उंच उसळतो. त्याच्या पोटात वर जाणारा झोत इतका जोरकस असतो की बर्फाचा खडा खाली पडूच शकत नाही. शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब त्याला चिकटतात आणि गोठतात, असे थरावर थर चढतात. झोताला पेलवेना झाला की खडा सुटतो. मोठी गार चिरून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, ते याचमुळे. लिंबाएवढी गार ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळते. एप्रिल १९८६ मध्ये बांगलादेशातल्या गोपालगंज येथे एक किलोहून जड गार पडल्याची नोंद आहे, आणि ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसे मृत्युमुखी पडली. गारपिटीने घेतलेल्या बळींचा हा आजही जगातला सर्वांत मोठा आकडा आहे.

आपल्या आठवणीतली सर्वांत भयंकर गारपीट फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली. फेब्रुवारीच्या अखेरीस ती सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत थांबून थांबून चालूच राहिली. महाराष्ट्रात तेव्हा ३५ जिल्हे होते, त्यांपैकी २८ जिल्ह्यांना तिचा तडाखा बसला. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक. कर्नाटकात विजापूर, बिदरकडचा भाग. ज्या रानात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे बांधापासून बांधापर्यंत पांढरा थर साचला होता. 'मराठवाड्याचे काश्मीर झाले' असे लोक म्हणाले. आम्हांला ही उपमा तेव्हाही रुचली नव्हती. काश्मीरचे हिम वसंतात वितळून शेताला पाणी देते. या गारांनी काढणीला आलेला गहू आणि हरभरा झोडपला, शाळू आडवा केला, द्राक्षाचे घड फोडले, डाळिंबाच्या सालीला चिरा पाडल्या. द्राक्षाचा मणी एकदा दुखावला की दोन दिवसांत सडतो आणि शेजारच्या मण्यालाही सडवतो. म्हणजे गार थांबली तरी नुकसान थांबत नाही. पक्षी झाडाखाली सडा पडल्यासारखे मरून पडले होते. महाराष्ट्र शासनाला चार हजार कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्याच वर्षी गारपिटीची कारणे आणि गारपिटीनंतर पिके कशी सावरावीत यावर एक पुस्तिका काढली. ज्यांची शेती आहे त्या पालकांनी ती मिळवून वाचावी.

आता मघाचा घोटाळा का महत्त्वाचा, ते सांगतो. लास व्हेगासमध्ये १९४९ साली किती हिम पडले हे आज आपण इंचाच्या दशांशापर्यंत सांगू शकतो. आपल्याकडे २०१४ मध्ये एखाद्या गावात किती गारा पडल्या, केवढ्या पडल्या, किती मिनिटे पडल्या, हे बहुतेक ठिकाणी कुणालाच सांगता येणार नाही. हिम विस्तीर्ण प्रदेशावर सारखे पसरते आणि पडून राहते. एक पांढरी फळी आणि एक पट्टी घेऊन विमानतळावरचा माणूस सकाळी बाहेर आला की त्याने मोजलेला आकडा साऱ्या शहराला ढोबळमानाने लागू पडतो. गारा तशा नाहीत. त्या ढगाच्या वाटेखालच्या अरुंद पट्ट्यात पडतात. एकाचे शेत भुईसपाट होते आणि रस्त्यापलीकडच्या शेतात वाटाण्याएवढाही खडा पडत नाही. अर्ध्या-एक तासात त्या वितळून जातात. पर्जन्यमापकात पडलेल्या गारा पाणी होऊन पाऊस म्हणूनच मोजल्या जातात, आणि मोठ्या असल्या तर त्यावर आपटून बाहेरही उडतात. कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने ग्रामपंचायतीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले आहेत, हे फार चांगले काम आहे; परंतु गार लिंबाएवढी होती की साबुदाण्याएवढी, हे ते यंत्रही सांगत नाही.

गाठीशी नोंद नसली की सोसावे लागते ते शेतकऱ्याला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीला स्थानिक आपत्ती मानले गेले. म्हणजे साऱ्या तालुक्याचे उत्पन्न न पाहता त्या एका शेताची पाहणी करायची, आणि शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत नुकसान कळवायचे. हे कलम कोणत्या राज्यात, कोणत्या हंगामात आणि कोणत्या पिकाला लागू आहे, हे दर हंगामाला विचारून घ्यावे लागते, कारण राज्ये त्यात बदल करतात. पण कलम लागू असले तरी पाहणीला माणूस येईतो गारा वितळलेल्या असतात. फाटलेले पान वाऱ्याने फाटले की गारेने, यावर बांधावर वाद होतो. अशा वेळी हातात पट्टी धरून घेतलेला गारांचा फोटो आणि वेळ लिहिलेली वही कामी येते.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचे गाव आहे. जुलै १९९७ मध्ये तेथे पूर आला आणि पाच माणसे दगावली. नंतर पाहिले तो गावाच्या एका टोकाला ३५ सेंटीमीटरहून अधिक पाऊस झाला होता, आणि काही मैलांवर दुसऱ्या टोकाला ५ सेंटीमीटरच्या आसपास. मधल्या जागेत मोजणारे कुणीच नव्हते. म्हणून १९९८ मध्ये तेथे सामान्य नागरिकांनी पाऊस, गारा आणि हिम मोजण्याचा उपक्रम सुरू केला, त्यात शाळकरी मुलेही होती. पुढे तो साऱ्या देशात पसरला. गारा मोजण्याचे त्यांचे साधन म्हणजे फोमची एक चौकोनी पाटी आणि तिच्यावर ताणून गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा कागद, म्हणजे पोळ्या बांधायला वापरतो तोच. गार पडली की कागदावर खळगा उमटतो. खळग्याच्या व्यासावरून गारेचा आकार कळतो, खळगे मोजून संख्या कळते, खळगा लांबट असेल तर वाऱ्याची दिशाही. गार वितळून गेली तरी पाटी राहते.

आमची सूचना अशी आहे. शाळेच्या आवारात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, एक साधा पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, त्याची नोंद व्हावी. खर्च मामुली आहे. अडचण आहे ती रविवारची आणि सुट्टीची. त्यासाठी नवनगरमध्येच राहणाऱ्या विद्यार्थ्यांची पाळी लावता येईल. दुसरे असे की, ज्यांचे आजोबा-काका कलघटगीकडे आंब्याच्या बागा राखतात किंवा कुंदगोळ, नवलगुंदकडे रान कसतात, अशा विद्यार्थ्यांनी मार्चपासून मेपर्यंत एकेक पाटी शेतावर ठेवावी. थर्माकोल दीड इंच जाडीचा असावा, कागद त्यावर ताणून मागे चिकटपट्टीने बसवावा, आणि पाटी जमिनीपासून हातभर उंच, सपाट, दोन दगडांखाली न दाबता खुंटीला बांधावी, नाहीतर वळवाचा पहिला वाराच ती घेऊन जातो. पाटीच्या मागे गावाचे नाव, ठेवल्याची तारीख आणि गारा सुरू व थांबण्याची वेळ लिहावी. गारा पडत असताना कुणीही मोजायला बाहेर धावू नये. विजा थांबल्यावर जावे. पाटी मिळाली नाही तर गार मोजपट्टीशेजारी किंवा रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो घ्यावा. नुसत्या तळहातावरच्या गारेवरून आकार कळत नाही. मार्चच्या पहिल्या सोमवारी विज्ञानाच्या तासाला पाट्या तयार करण्याचे योजले आहे. थर्माकोलचे जुने खोके घरी असतील तर पालकांनी ते टाकून न देता शाळेत पाठवावेत.